परक्या गावची खोली

सुरत हे नाव मराठी मनाला इतिहासातून ठाऊक आहे. १६६४ आणि १६७० या दोन साली शिवछत्रपतींच्या घोड्यांच्या टापा तेथे उमटल्या. १९०७ च्या डिसेंबरात तेथील मंडपात लोकमान्य हाताची घडी घालून व्यासपीठावर निश्चल उभे राहिले आणि राष्ट्रसभा दुभंगली. आज हेच नाव आमच्या गावांतील एखाद्या घरात येते ते प्रवेशाच्या कागदावर. मुलाला सुरतेच्या सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत जागा मिळालेली असते. घरात पेढे वाटले जातात आणि त्याच रात्री आई विचारते, "तिथे याला जेवायला काय मिळेल, आणि बोलायला कोण मिळेल?" या दुसऱ्या प्रश्नाविषयी आज आम्हांला चार शब्द लिहावयाचे आहेत.

ही संस्था १९६१ साली प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून स्थापन झाली व २००२ साली तिला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळाला. तेथील निम्म्या जागा गुजरातच्या विद्यार्थ्यांना आणि उरलेल्या इतर राज्यांच्या विद्यार्थ्यांना असतात. बारावी ज्या राज्यातून उत्तीर्ण झाली त्या राज्याचा तो विद्यार्थी, असा नियम आहे. म्हणून निपाणीचा मुलगा कर्नाटकाचा ठरतो आणि पलीकडच्या कागलचा मुलगा महाराष्ट्राचा. सुरतेच्या वसतिगृहात मात्र दोघेही परराज्याचे आणि दोघांची मायबोली एकच. नकाशावरील रेघ माणसाच्या जिभेवर उमटत नाही, याचा हा एक साधा पुरावा म्हणावा लागेल.

पण एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. अशा संस्थेत देशभरातून मुले एकत्र आणावयाची ती कशासाठी? केवळ यंत्रशास्त्र शिकविण्यासाठी ती घरापासून शेकडो मैलांवर नेण्याचे कारण नव्हते. तेलुगू, हिंदी, गुजराती, मराठी बोलणारी मुले एका ताटाला बसावीत, एका दिव्याखाली अभ्यास करावीत, हा त्यामागील हेतू आहे. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यातच नवखा विद्यार्थी आपल्या प्रांताचा कोंडाळा शोधू लागतो. वरणात गूळ लागतो, भोवतीचे विनोद कळत नाहीत, रात्री घर आठवते. अशा वेळी मराठी शब्द कानी पडताच तो तिकडे धावतो. यात त्याचा दोष नाही. मात्र चार वर्षे त्याच कोंडाळ्यात काढून तो परतला, तर तो सुरतेला गेला काय आणि न गेला काय, सारखेच.

वसतिगृहांचा इतिहास आम्हांला परका नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि त्यापाठोपाठ जातीजातींच्या वसतिगृहांची रांगच उभी राहिली. एकत्र वसतिगृहाचा आधीचा प्रयोग समाजाच्या आडमुठेपणामुळे फसला होता, म्हणून महाराजांनी हा मार्ग धरला. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्या समारंभास गेलेला जैन बोर्डिंगचा एक विद्यार्थी परत येऊन आंघोळ न करता जेवावयास बसला आणि त्यापायी त्याला बोर्डिंग सोडावे लागले. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. त्याच भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसविणारे वसतिगृह चालविले. पायरी कोणती आणि मुक्काम कोणता, हे त्यांनी ओळखले होते.

सुरतेलाही हाच इतिहास आहे. कुंवरजी मेहता यांनी तेथे पाटीदार मुलांसाठी आश्रम काढला; अनाविल समाजाच्या मुलांसाठी दयाळजी देसाई यांचा आश्रम होता. नावे जातींची होती, परंतु या आश्रमांतून घडलेली माणसे १९२८ च्या बारडोली सत्याग्रहात सबंध शेतकरी वर्गाच्या पाठीशी उभी राहिली. वसतिगृहाची भिंत माणसाला आधार देते तोवर ती उपकारक. ती त्याची नजर अडवू लागली की तिला खिडकी पाडावी लागते.

यास्तव आमचे पहिले म्हणणे संस्थाचालकांस आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या खोल्या ठरविताना निरनिराळ्या भाषांची मुले एकत्र ठेवावीत. सोय पाहून जो तो आपल्या गाववाल्याची खोली मागेल. ती मागणी पहिल्या वर्षी मानू नये.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कोंडाळ्यात शिरू पाहणाऱ्या नवख्याकडून 'ओळख' या गोंडस नावाखाली जे करवून घेतले जाते, ते छळाखेरीज काही नव्हे. २००९ च्या मार्चमध्ये हिमाचल प्रदेशात अमन काचरू या पहिल्या वर्षाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याचा अशाच मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने कडक नियम केले. नवागतांना शक्यतो स्वतंत्र इमारतीत ठेवावे, गृहपालांनी अचानक फेऱ्या माराव्यात, गुन्हा घडल्यास संस्थाप्रमुखाने २४ तासांत पोलिसांत फिर्याद द्यावी, असे त्यांत स्पष्ट सांगितले आहे. तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा दूरध्वनी आहे. महाराष्ट्राने तर १९९९ सालीच यासंबंधी कायदा केला होता.

"त्याने मुलगा घट्ट होतो, आम्हीही सोसले," असे सांगणारे वडीलधारे आमच्यातही आहेत. त्यांना आम्ही नम्रपणे विचारतो की, अपमान सोसल्याने माणूस घट्ट होत असता, तर आमच्या आजोबापणजोबांनी अपमानाविरुद्ध लढे कशासाठी दिले? जो पहिल्या वर्षी मुकाट्याने सोसतो, तोच पुष्कळदा दुसऱ्या वर्षी दुसऱ्याला सोसावयास लावतो. आणि छळणारा मराठी असला म्हणून त्यास पाठीशी घालणे हा भाषाभिमान नव्हे, ती भाषेची विटंबना होय. पालकांनी आठवड्यातून एकदा गुणांची चौकशी कमी करून झोपेची, जेवणाची आणि मित्रांची चौकशी करावी. मुलगा गप्प झाला तर ते गप्प राहणे वाचण्यास शिकावे.

शेवटी आमच्या विद्यार्थ्यांस. सुरतेला जाल तर गुजराती शिका. बरीचशी अक्षरे आपलीच आहेत, केवळ माथ्यावरची रेघ उतरविलेली. मेसमधल्या वाढप्याशी, रिक्षावाल्याशी, शेजारच्या खोलीतील मित्राशी त्यांच्या भाषेत दोन वाक्ये बोला. त्याच शहराच्या लिंबायत-उधना भागात खानदेशातून पोटासाठी आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. सुटीच्या दिवशी तिकडेही एक फेरी मारा. आपली भाषा परक्या गावात श्रम करून कशी जगते, ते तेथे दिसेल.

आपली भाषा आपल्या गावात मानाने नांदावी, एवढेच मागणे आम्ही सीमाभागातील माणसे पिढ्यानपिढ्या मागत आलो. ज्याला स्वतःच्या भाषेचा मान हवा, त्याने दुसऱ्याच्या उंबरठ्यावर त्याच्या भाषेला मान दिला पाहिजे. आमचा मुलगा सुरतेच्या खोलीत पहिल्या वर्षी हे शिकला, तर त्याच्या पदवीचा अर्धा भाग त्याने तेथेच मिळविला असे आम्ही समजू.