प्रश्न की आज्ञा?

'बाळा, खेळणी आवरतोस का?' असे आम्ही विचारतो. मूल प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते आणि आम्ही संतापतो. वास्तविक त्याने व्याकरणाला धरूनच उत्तर दिलेले असते. नकार चालणार नसेल तर विचारावे कशाला? आज्ञार्थ म्हणजे उद्धटपणा, हा समज आम्हां मराठीच्या मास्तरांच्या घरांतही शिरला आहे. थोरांसाठी 'यावे', 'बसावे' असा विध्यर्थ आहेच. पण लहानांसाठी 'दार लाव हं', 'ये रे', 'जेवून घे बरं' यांतही आज्ञा स्पष्ट राहते आणि माया त्या एवढ्याशा 'हं', 'रे', 'बरं'मध्ये उतरते. 'कृपया' हा शब्द फलकांवरचा. स्वयंपाकघरात तो परकाच वाटतो. मात्र 'गोष्ट वाचू का?' हा खरा प्रश्न. तिथे 'नको' ऐकून पुस्तक मिटणे आम्हांला अजून नीटसे जमत नाही.