आईला सुनावणं सोपं आहे, तिला मदत कोण करणार?

सध्या शाळाशाळांच्या पालक मेळाव्यात एक भाषण ठरलेलं असतं. पाहुणे माईक हातात घेतात आणि समोर बसलेल्या बायकांना सुनावतात, "मुलांना मोबाईल देऊ नका!" टाळ्या, शाल, श्रीफळ, फोटो. दहा मिनिटांत ते फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. आणि संध्याकाळी त्याच ग्रुपवर दुसरीच्या पोराचा गृहपाठ येऊन पडतो. आता त्या माउलीने मोबाईल द्यायचा की नाही, हे कुणी सांगेल का?

तालुक्याच्या गावात बातमीदारी करताना असे मेळावे ढिगाने पाहिले. 'देऊ नका' म्हणणारे पुष्कळ भेटले. 'मग काय करा' हे सांगणारा क्वचितच.

नियम काय आहे ते माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितलंय की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही म्हणणं साधारण हेच. नियम चांगलाच आहे. पण नियम वाचून दाखवणं म्हणजे मदत नव्हे.

पोरगं मोबाईल बघत चार घास खातं, कारण आईला आठच्या टेम्पोने कामावर जायचंय. 'आमच्या आया पाच-पाच पोरं सांभाळायच्या' असं म्हणणाऱ्यांनी जरा आठवावं. तेव्हा अंगण होतं, घरात आजी होती, शेजारची काकू हक्काने रागवायची. रस्त्यावर डंपर धावत नव्हते. आणि मार्च 2020 नंतर शाळा बंद झाल्या, तेव्हा याच आईबापांना 'उसनवारी करा पण पोराला मोबाईल घ्या' असं सांगणारे कोण होते? आपणच ना?

बरं, समोर कोण आहे तेही बघा. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू. ही यंत्रणा पोराने उठू नये म्हणूनच बांधलेली आहे. पालकांच्या परवानगीशिवाय मुलांची माहिती गोळा केल्याच्या प्रकरणात 2019 मध्ये अमेरिकेत गूगल आणि यूट्यूबला 17 कोटी डॉलर भरावे लागले. अशा कंपन्यांसमोर आपण चौथी शिकलेल्या आजीला एकटीला उभं करतो आणि म्हणतो, लक्ष ठेवा!

कायदा आहे की, असं कुणी म्हणेल. आहे. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते, मुलांवर नेम धरून जाहिराती दाखवायलाही मनाई आहे. पण तीन वर्षांचं पोर बघतं कुणाच्या मोबाईलवर? बापाच्या. ॲपच्या हिशेबी तिथे पस्तिशीचा गडी बसलाय. कायदा दारातच थांबला.

मग बंदी? यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने 2022 मध्ये 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने वेगळा मार्ग धरला. संध्याकाळी सातला भोंगा वाजायचा आणि दीड तास घराघरातले टीव्ही-मोबाईल बंद. मला दुसरा मार्ग जास्त पटतो, कारण तिथे मोठ्यांनीही मोबाईल खाली ठेवला. बापाने रील्स बघत 'अभ्यास कर' म्हणायचं, हे पोराला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?

म्हणून बाबा मंडळींना आधी सांगतो. घरी आल्यावर तुमचा मोबाईल फळीवर. जेवताना कुणाच्याच हातात नको. दाखवायचंच तर शेजारी बसून दाखवा, त्यावर बोला. 'हे दोन बघायचे आणि बंद' हे सुरू करण्याआधीच सांगा. आणि रडू थांबवायला मोबाईल देऊ नका. रडलं की मिळतो हे एकदा कळलं, की पोर रोज रडणार.

आता सरकार, शाळा आणि नगरपालिकेला.

एक, गृहपाठ वहीत द्या, ग्रुपवर नको.

दोन, अंगणवाडीतल्या पालक बैठकीत भाषण बंद करा आणि आयांचे मोबाईल हातात घेऊन दाखवा. आपोआप सुरू होणारा व्हिडिओ कसा बंद करायचा, मुलांच्या वेगळ्या यूट्यूब ॲपमध्ये टायमर कसा लावायचा, आपण निवडलेलंच दिसेल असं कसं करायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. मात्र ते सेविकेच्या डोक्यावर फुकटात टाकू नका, तिच्यावर आधीच नोंदींचा डोंगर आहे.

तीन, बागेचं कुलूप संध्याकाळी उघडा. लहान पोरांना खेळायला जागाच नसेल तर ती जाणार कुठे?

चार, राज्यात दहा हजारांहून जास्त मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. त्यांना अनुदान पुरेसं आणि वेळेवर द्या, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ सहा वर्षांखालच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवायला ठेवा. गावातले निवृत्त शिक्षक आनंदाने येतील.

यातलं एकही काम कोट्यवधींचं नाही. तरी होत नाही, कारण आईला दोष देणं फुकट पडतं.

पुढच्या मेळाव्यात पाहुणे 'देऊ नका' म्हणाले की हात वर करून एवढंच विचारा, "साहेब, बागेची चावी कुणाकडे आहे?"

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहेच.