प्रमाणपत्र आणि पात्रता

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की, मुलाने पुढे काय शिकावे हा प्रश्न घरोघर निघतो. डॉक्टर, इंजिनिअर ही उत्तरे जुनी आहेत. अलीकडे त्यांत ‘सायबर सिक्युरिटी’ची, म्हणजे संगणकांच्या जाळ्याच्या राखणदारीची, भर पडली आहे. हा व्यवसाय चांगला आहे व गरजेचाही आहे, यात संशय नाही. परंतु भारी फी भरून सहा महिन्यांत एखादे नामांकित प्रमाणपत्र मिळविले म्हणजे नोकरी दाराशी आलीच, असा जो समज पालकांत रूढ होऊ पाहत आहे, तो मला घातक वाटतो.

या राखणदाराचे काम काय, ते आधी पाहू. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक ही १९०६ साली स्थापन झालेली जुनी पेढी. २०१८ सालच्या ऑगस्टच्या ११ व १३ तारखांस तिचे सुमारे ९४ कोटी रुपये चोरीस गेले. तिजोरी कोणी फोडली नाही. एटीएम यंत्र पैसे देण्यापूर्वी बँकेच्या मुख्य संगणकास विचारते. चोरांनी मध्येच आपली खोटी यंत्रणा घुसविली व तीच प्रत्येक मागणीस होकार देऊ लागली. बनावट कार्डांनी २८ देशांतील यंत्रांतून रोकड निघाली. पुढे २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांस दोषी ठरविले.

यातून बोध कोणता? आपल्या प्रवरेच्या पाटाचे पाणी मध्येच कोणी वळविले, तर ते पाटकऱ्याच्या ध्यानी येते; कारण कोणती चारी कोठून फुटते हे त्यास तोंडपाठ असते. संगणकाच्या जाळ्याचेही तसेच आहे. निरोप कोणत्या वाटेने जातो हे ज्यास ठाऊक, त्यासच वाटेतला तोतया ओळखता येतो. म्हणून आधी जाळे समजून घ्यावे आणि मग त्याची राखण शिकावी. हा क्रम उलटू नये.

विद्यार्थ्यांनी दहावी-बारावीत गणित व इंग्रजी पक्के करावे. नंतर पदविका किंवा पदवी घेताना लिनक्स प्रणाली हाताळावी; ती फुकट मिळते. सिस्को कंपनीचे ‘पॅकेट ट्रेसर’ही विनामूल्य असून त्यात पडद्यावरच जाळे उभारून पाहता येते. आयआयटीतील प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएलवर ऐकावयास पैसे पडत नाहीत. फी लागते ती परीक्षेस बसणाऱ्यास. एवढी तयारी झाल्यावर जाळ्याच्या ज्ञानाची ‘सीसीएनए’ व त्यानंतर सुरक्षेची ‘सिक्युरिटी प्लस’ या परीक्षा द्याव्या. अभियांत्रिकीच्या पदवीधरास पुण्याच्या सी-डॅक संस्थेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही आहे. त्यास प्रवेशपरीक्षा द्यावी लागते.

कोणी म्हणेल, नोकरी देणारा अर्ज चाळताना प्रमाणपत्रच पाहतो. खरे आहे, आणि म्हणूनच ते मिळवावे. पण ज्या परीक्षांचा मान मोठा, त्या स्वतःच काय मागतात हेही पाहावे. ‘सीआयएसएसपी’ ही पदवी पूर्णत्वाने मिळण्यास सामान्यतः ५ वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. ‘ओएससीपी’च्या परीक्षेत जवळजवळ २४ तास संगणकांशी झुंजावे लागते व मग केलेल्या कामाचा अहवाल लिहून द्यावा लागतो. ‘सीसीएनए’ व ‘सिक्युरिटी प्लस’ यांची मुदत तर ३ वर्षांनी संपते. ज्या विद्येचे प्रमाणपत्रही शिळे होते, तेथे शिक्षण सहा महिन्यांत पुरे झाले असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

पालकांस एवढीच विनंती की, कर्ज काढून क्लासची फी भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे. मुलास प्रत्यक्ष संगणकावर किती तास काम मिळेल? शिकविणाऱ्याने हे काम स्वतः कोठे केले आहे? देण्यात येणारे प्रमाणपत्र क्लासचे आहे की बाहेरच्या मान्य परीक्षेचे? उत्तरे गोलमाल मिळाली, तर पैसे खिशातच ठेवून घरी परतावे.

शेवटी एक गोष्ट, जी कोणत्याही परीक्षेत पुरती मोजता येत नाही. राखणदाराच्या हाती किल्ल्या असतात. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणाऱ्यावर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये नुकसानभरपाईचा बोजा पडू शकतो. लबाडीने तसे केल्यास ३ वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते. ‘गंमत म्हणून’ मित्राचा परवलीचा शब्द काढणारा मुलगा हुशार असेल, पण त्याच्या हाती गावची पतसंस्था कोण सोपवील? गावकऱ्यांची आयुष्यभराची पुंजी आता अशाच जाळ्यांवर विसंबून आहे. विद्यार्थिमित्रहो, तिची राखण करण्याची पात्रता आधी अंगी आणा. प्रमाणपत्र त्या पात्रतेची साक्ष म्हणून मागाहून येऊ द्या.