आधी वाचावे, मग विचारावे

आपल्या निवासी शाळेतून शिकून गेलेली अनेक मुले-मुली आज संगणकाच्या क्षेत्रात उमेदवारी करीत आहेत. पडद्यावर चूक दर्शविणारा संदेश उमटला, की तो पुरता न वाचताच त्याचे छायाचित्र एखाद्या समूहावर टाकायचे आणि 'हे चालत नाही, मदत करा' असे लिहून वाट पाहायची, ही रीत तरुणांत रूढ होत चालली आहे. विचारण्यात कमीपणा मुळीच नाही. परंतु त्याआधी त्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका उघडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इतिहासाच्या अभ्यासात आपण अस्सल साधन आणि ऐकीव माहिती यांत भेद करतो. सॉफ्टवेअर घडविणाऱ्यांनी लिहिलेली पुस्तिका हे अस्सल साधन होय. इतरांनी दिलेले उत्तर ही केवळ साक्ष, आणि साक्ष कोणत्या काळातील हे तपासावे लागते. 'पायथन' या संगणकभाषेची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली. तेव्हापासून 'प्रिंट' या आज्ञेपुढील मजकूर कंसात देणे आवश्यक झाले. दुसऱ्या आवृत्तीची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली, तरी जुन्या धाटणीची उत्तरे आजही सापडतात. ती उतरवून घेणारा अडतो. नव्या आवृत्तीच्या पुस्तिकेत मात्र हा बदल स्पष्ट नोंदविलेला आहे.

मग विचारूच नये काय? 'युनिक्स' प्रणालीची पहिली पुस्तिका केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी नोव्हेंबर १९७१ मध्ये सिद्ध केली. तीत प्रत्येक आज्ञेचे नाव, वापरण्याची रीत व वर्णन होते. ज्ञात दोषही प्रांजळपणे नोंदविले जात. शिवाय अडचण आल्यास कोणाला विचारावे, त्या व्यक्तीचा निर्देशही तेथेच असे. म्हणजे वाचन आणि विचारणे यांत वैर नाही. क्रम तेवढा आहे.

हा क्रम पाळणाऱ्याचा प्रश्नही बदलतो. कोणती आवृत्ती, कोणता संदेश, काय वाचले, काय करून पाहिले आणि नेमके कोठे अडले, हे तो सांगू शकतो. अशा प्रश्नाला उत्तर देणाऱ्याचा वेळ सार्थकी लागतो आणि विचारणाराही कायमचा परावलंबी राहत नाही.

तथापि, जाणत्यांवरही एक जबाबदारी आहे. बहुतेक पुस्तिका इंग्रजीत असतात आणि घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलाला ती भाषा जड जाते. 'जा, आधी वाचून ये' असे म्हणून त्याला झिडकारणे म्हणजे ज्ञानाचे दार पुन्हा लावून घेणे होय. कोणते प्रकरण वाचावे, तेथील कोणता शब्द महत्त्वाचा, एवढे सांगितले तरी तो पुढची वाट स्वतः चालू लागेल.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे, की सुटीत शाळेत याल तेव्हा संगणक कक्षात मुलांसोबत तासभर बसा. त्यांना तयार उत्तर देऊ नका. पुस्तिकेचे एक पान त्यांच्याकडून वाचून घ्या आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ मराठीत सांगा. ज्यांच्या पूर्वजांना अक्षराजवळ फिरकू दिले गेले नाही, त्यांच्या लेकरांनी समोर खुले असलेले पान न वाचता मिटू नये.