पोस्टर आधी आजीला दाखवा



हल्ली आपल्या बडोद्यात बी.कॉम., एम.कॉम.च्या मुलांनाही रिसर्च पोस्टर करावं लागतं. ए-झीरो म्हणजे साधारण ८४ बाय ११९ सेंटिमीटरचा कागद, शेजारी विद्यार्थी उभा, समोर परीक्षक आणि हातात पाच-सात मिनिटं. आपण घरचे काय करतो? छपाईचे पैसे देतो, "रंग मस्त आलाय" म्हणतो आणि फोटो फॅमिली ग्रुपवर टाकतो.

माझं मत स्पष्ट आहे. छापायला देण्याआधी मुलांनी ते पोस्टर घरातल्या वडीलधाऱ्यांना मराठीत समजावून सांगावं.

कुणी म्हणेल, काका, परीक्षा इंग्रजीत, मग सराव मराठीत कशाला? अहो, म्हणूनच! इंग्रजीतली वाक्यं इकडून तिकडून उचलता येतात, पाठही होतात. तीच गोष्ट घरच्या भाषेत सांगायला गेलं की उसनं गळून पडतं, समजलेलं तेवढं उरतं. बँकेत कर्जाचे प्रस्ताव वर मांडताना मी हेच पाहिलं. ज्याने स्वतः गोदामात जाऊन माल पाहिलाय, तो दोन वाक्यांत उत्तर देतो. ज्याने नुसता ताळेबंद उतरवलाय, तो कागद चाळत बसतो.

गेल्या वर्षी माझ्या नातीचा विषय होता छोटे दुकानदार आणि यूपीआय. माहिती गूगल फॉर्मवर गोळा केलेली. निष्कर्ष असा की बहुतेक दुकानदार डिजिटल व्यवहार करतात. आमची ही भाजी निवडता निवडता म्हणाली, "अगं, फोनवर फॉर्म भरता येतो तोच तुला उत्तर देणार ना? आपल्या भाजीवाल्या मासी कुठे आल्या यात?" नात गप्प. दुसऱ्या दिवशी खंडेराव मार्केटला जाऊन तिने भाजीवाल्यांना समोर बसून विचारलं, निष्कर्ष सौम्य केला आणि अभ्यासाची मर्यादा म्हणून एक ओळ घातली. परीक्षकांनी नेमकं हेच विचारलं : नमुना कसा निवडलास? तिच्याकडे उत्तर होतं.

माईक मॉरिसन या अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या संशोधक विद्यार्थ्याने २०१९ मध्ये पोस्टरची नवी मांडणी सुचवली. मुख्य निष्कर्ष मधोमध, मोठ्या अक्षरांत, साध्या भाषेत. बाकी तपशील बाजूला. आपल्याकडे उलटं चालतं. सगळा प्रबंध बारीक अक्षरांत कोंबायचा आणि परीक्षकांकडे पाठ करून तोच वाचून दाखवायचा.

आणि हे बडोद्याला नवीन नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० मध्ये सुरू झालेल्या कलाभवनात तांत्रिक विषयसुद्धा देशी भाषेतून शिकवण्यावर भर होता. आज आपल्या घरात मराठी उरलीय ती जेवणाखाण्यापुरती आणि सणावारापुरती. नातवंडांचा अभ्यास आपल्याशी मराठीत बोलला गेला तर भाषेलाही काम मिळेल.

तेव्हा पुढच्या वेळी पोस्टर घरी आलं की चारच प्रश्न विचारा. हा विषय का घेतलास? माहिती कुणाकडून घेतलीस? यात तू स्वतः काय केलंस? आणि अजून काय कळलेलं नाही? विषय आपल्याला समजत नसला तरी विचारा. बिनधास्त!