गाडी आधी वहीत चालवून बघा



माझी धाकटी बहीण दौंडला दिली आहे. दाजी कुरकुंभच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला आहेत. घरात ते दोघे, दोन मुले आणि बहिणीच्या सासूबाई. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. मावशींचे गुडघे गेलेले आहेत, त्यात धाप लागते. महिन्यातून दोनदा त्यांना पुण्याला ससूनला न्यावे लागते. दौंडहून रेल्वे स्वस्त पडते, पण स्टेशनचा जिना त्यांना चढवत नाही. म्हणून दर वेळी भाड्याची गाडी करतात.

मागच्या दिवाळीआधी एका रात्री दोन वाजता मावशींना जोराची धाप लागली. दोन गाडीवाल्यांनी फोनच उचलला नाही, तिसरा म्हणाला सकाळी येतो. १०८ नंबर त्या गोंधळात कोणाला सुचला नाही. अखेर शेजारच्या भाजीच्या टेम्पोत गोधडी अंथरून त्यांना दवाखान्यात नेले. मावशी बऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी बहिणीचा शिरूरला फोन आला, "दादा, आता जुनी का होईना, गाडी घ्यायचीच. तू ये आणि कागदं तेवढी बघ."

कागद बघायला मला बोलावले याचे मला हसू आले. कारण २०११ साली मी स्वतः एक जुनी व्हॅन घेतली होती. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांची व्हाउचरे तपासणारा मी बी.कॉम. झालेला कारकून, पण त्या दिवशी आरसी बुक नीट वाचले नाही. सातबाऱ्यावर असतो तसा त्यावर कर्जाचा बोजा होता. विकणारा म्हणाला, "हप्ते कधीच फिटलेत, साहेब." हप्ते फिटले होते हे खरे, पण बोजा उतरवला नव्हता. तो उतरवायला मी दहा महिने खेटे घातले. तोपर्यंत गाडी दारात होती, पण नावावर नव्हती. तेव्हा या लेखात जे सांगतो ते ठेच लागल्यावर आलेले शहाणपण आहे.

पहिला हिशोब

दौंडला गेल्यावर गाडी बघण्याआधी मी वही मागितली. बहिणीने सांगितले, पुण्याच्या एका खेपेला २,८०० रुपये भाडे जाते. वर्षात २४ खेपा. म्हणजे ६७,२०० रुपये. दाजी म्हणाले, "बघा, एवढ्यात गाडीच फिटंल की!"

मग गाडीची बाजू मांडली. जाऊन-येऊन १६० किलोमीटर धरले. लिटरला १४ किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर २४ खेपांचे पेट्रोल २८,८०० रुपये. शाळा, बाजार, पाहुणे यासाठी आणखी २,००० किलोमीटर फिरणारच, त्याचे १५,०००. विमा १२,०००. ऑइल आणि सर्व्हिसिंग ८,०००. टायर आणि बॅटरीसाठी दर वर्षी बाजूला टाकायचे १०,०००. बेरीज ७३,८०० रुपये. गाडीची किंमत यात अजून आलेलीच नाही.

घरात सगळे गप्प झाले. पण ही गोष्ट आधी कळलेली बरी. स्वतःची गाडी पैसे वाचवते हा आपला मोठा गैरसमज आहे. आपल्यासारख्यांच्या घरात गाडी हा खर्चच असतो. तो करायचा की नाही हे ठरवताना विचारायचे एवढेच, की त्याच्या बदल्यात मिळणारी गोष्ट आपल्याला तेवढ्या मोलाची आहे का? बहीण म्हणाली, "त्या रात्रीचं मोल काय लावतोस, दादा?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. गाडी घ्यायची ठरली.

पण दाजींनी लगेच दुसरी वाट काढली. लग्नसराईत चार भाडी मारू, वडापला लावू, खर्च निघेल. मी हात जोडले. पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी गाडीत भाड्याने माणसे नेणे हा परवान्याचा भंग आहे. त्यात अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. चार हजारांच्या भाड्यासाठी घरदार पणाला लावायचे नाही.

किती जागा हव्यात?

गाडी म्हटले की भावकी जागी होते. दाजींचे थोरले बंधू म्हणाले, "सात सीटची घ्या. १ जानेवारीला कोरेगावला, १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला सगळ्यांना जाता येईल." मी विचारले, "दादा, १ जानेवारीला आपली गाडी जयस्तंभापर्यंत जाते का?" अलीकडच्या वर्षांत त्या दिवशी वाहने लांबच्या तळावर लावून पुढे पीएमपीच्या बसनेच जावे लागते. ६ डिसेंबरला दादरला आपण रेल्वेने जातो आणि दौंड तर जंक्शन आहे. वर्षातल्या तीन दिवसांसाठी गाडी घ्यायची नसते. ती उरलेल्या दिवसांसाठी घ्यायची असते.

उरलेल्या दिवसांत या घरात माणसे पाच आणि सहावी मावशींची घडीची व्हीलचेअर. म्हणजे पाच माणसे बसून मागे सामानाला चांगली जागा राहील अशी गाडी हवी. परदेशात अशा लांब पाठीच्या गाड्यांना स्टेशन वॅगन म्हणतात. आपल्याकडे टाटांनी १९९२ साली इस्टेट आणली, पुढे इंडिगो मरीना आणली, पण आपल्या लोकांनी त्यांना फारसे जवळ केले नाही. आज त्या मिळाल्या तरी सुटे भाग शोधण्यात आयुष्य जाईल.

आपल्या बजेटात बाजारात काय दिसते ते थोडक्यात सांगतो. टाटा सुमो १९९४ ते २०१९ पर्यंत निघाली, मजबूत, गावोगावच्या मेस्त्रीला पाठ. पण चढायला उंच, आणि ज्या गाड्यांत मागे समोरासमोरची आडवी बाके आहेत तिथे मुलांना बेल्ट नाही. बोलेरोचेही तेच. शेवरोले टॅव्हेरा स्वस्तात मिळते, पण त्या कंपनीने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली. डॅटसन गो प्लसची कंपनी २०२२ साली गेली. मारुती अर्टिगा २०१२ पासून आहे, घरच्या वापराला उत्तम, पण चांगली गाडी आपल्या आवाक्याच्या जरा वर जाते. रेनॉ ट्रायबर २०१९ ला आली. तिचे इंजिन ९९९ सीसीचे, पण मागची बाके वापरली तर सामानाला जागा उरत नाही, काढून ठेवली तर भरपूर. मारुती ईको २०१० पासून आहे, इंजिन सुमारे १,२०० सीसीचे, दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे.

इंजिनाचा आकार सांगतो त्याला कारण आहे. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा हप्ता १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ रुपये. त्यावर जीएसटी वेगळा. जुनी बोलेरो २,५२३ सीसीची, टॅव्हेरा २,४९९ ची. स्वस्तात घेतलेली मोठी गाडी दर वर्षी अशी वसुली करते. शिवाय नुसत्या थर्ड पार्टी विम्यावर भागवू नका. त्यात समोरच्याची भरपाई होते, आपल्याच गाडीत बसलेल्या आई-मुलांची नाही. संपूर्ण पॅकेज विमा घ्या आणि गाडीतल्या माणसांचे कलम वाचून घ्या.

सुरक्षेबद्दल एक तारीख लक्षात ठेवा. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. त्याच वर्षी एप्रिलपासून एबीएस ब्रेकही. जमेल तर त्यानंतर बनलेली गाडी घ्या. ईकोचे खरे तेही सांगतो. २०१६ साली ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत एअरबॅग नसलेल्या ईकोला शून्य तारे मिळाले होते. तेव्हा ती घेतली तर नंतरची घ्या, सोलापूर रोडवर ताशी साठ-सत्तरच्या पुढे नेऊ नका आणि मागच्यांनीही बेल्ट लावा.

कागद आधी, इंजिन नंतर, रंग शेवटी

आपण काष्टीच्या बाजारात बैल घ्यायला गेलो तर त्याचे तोंड उघडून दात मोजतो, चालवून बघतो, पाठीवर हात फिरवतो. आणि गाडी घ्यायला गेलो की रंगावर भाळतो. गाडीचे दात म्हणजे तिचे कागद.

आरसी वरचा चेसिस नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर अक्षर-अक्षर जुळवा. बोजा असेल तर फायनान्सवाल्याचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय इसारही देऊ नका. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा आणि पीयूसी दिसते. थकलेली चलने बघा, ती विकणाऱ्याकडूनच भरून घ्या. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस तपासणी, नूतनीकरणाची फी आणि पर्यावरण कर असतो. म्हणून चौदा वर्षांची 'स्वस्त' गाडी मुळीच स्वस्त नसते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते, ती बसवली आहे का बघा. गाडी व्यापाऱ्याकडून घेत असाल तर त्याचे आरटीओचे अधिकारपत्र मागा. १ एप्रिल २०२३ पासून ते बंधनकारक आहे.

व्यवहार झाला की फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करायची, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५० सांगते. आपल्याकडे मात्र सह्या केलेले फॉर्म कपाटात ठेवून लोक वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या नावाची गाडी चालवतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले, की गाडी कितीही हातांतून गेली तरी आरटीओच्या दप्तरात ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. म्हणून हे काम विकणाऱ्यानेही टाळू नये. पैसे बँकेतूनच द्या आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख व वेळ दोघांच्या सह्यांनी लिहून ठेवा.

मग इंजिन. गाडी सकाळी थंड असताना सुरू करून बघा. बॉनेटला हात लावा. आधीच गरम असेल तर काहीतरी लपवले जाते आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. थांबतच नाही असा पांढरा धूर आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा थर म्हणजे ऑइलमध्ये पाणी जाते आहे, ती गाडी सोडा. मीटरचा आकडा मागे फिरवता येतो, पण झिजलेले क्लच पेडलचे रबर खोटे बोलत नाही. टायरवर शेवटचे चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पायाखालची मॅटिंग उचलून गाळ, गंज, कुबट वास बघा, पुरात बुडालेली गाडी तिथे सापडते. सीएनजी असेल तर आरसीवर नोंद आणि सिलिंडरची तीन वर्षांची तपासणी बघा. आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते आपल्याच तालुक्यांत पिकणाऱ्या उसासारख्या पिकापासून होते, पण एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. त्यांचे रबरी पाइप मेस्त्रीला तपासायला सांगा. मेस्त्री आपला न्या, विकणाऱ्याचा नको. त्याला पाचशे रुपये मजुरी द्या, फुकट बघायला लावू नका.

शेवटी कोणती घेतली?

न्हावरा, चौफुला, पाटस असे फिरत आम्ही चार गाड्या बघितल्या. दाजींचे मन एका काळ्या, चकाचक सुमोवर बसले होते. मी म्हणालो, "मावशींना आणा." त्यांना आणले. पायरीवर पाय ठेवताना त्यांनी दोनदा दाजींचा खांदा धरला आणि मग खाली मान घालून म्हणाल्या, "माझ्यासाठी नका बघू रं, तुम्हाला आवडती ती घ्या." दाजी काही बोलले नाहीत. त्यांनी किल्ली मालकाला परत दिली.

२०२० ची पाच सीटची ईको ३,३०,००० रुपयांना ठरली. साठवलेले अडीच लाख होते. एक लाख कामगारांच्या पतपेढीतून तीन वर्षांसाठी घेतले, हप्ता सुमारे ३,४०० रुपये. उरलेले वीस हजार नावावर करणे आणि दोन टायर यासाठी ठेवले. गाडीचा सगळा खर्च आणि हप्ता मिळून महिन्याला ९,५५० रुपये होतात. त्यातून भाड्याचे वाचणारे ५,६०० वजा केले तर सुमारे ४,००० रुपयांचा नवा बोजा. त्यासाठी दाजींनी काय सोडायचे आणि बहिणीने शिवणाचे किती काम वाढवायचे हे दोघांनी मिळून वहीत लिहिले. गाडी एकविसाव्या दिवशी बहिणीच्या नावावर झाली.

पहिल्या खेपेला मावशी सरकत्या दारातून आधी बसल्या, मग पाय आत घेतले. कोणाचा खांदा धरला नाही. बहिणीने डॅशबोर्डवर पहिली गोष्ट चिकटवली ती १०८ नंबरची चिठ्ठी.

गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला माझे एवढेच सांगणे आहे, की आधी ती वहीत एक वर्ष चालवून बघा आणि घरातल्या सर्वांत थकल्या माणसाला तिच्यात बसवून बघा. या दोन्हींत पास झाली तरच इसार द्या. तुमचे अनुभव जरूर लिहून कळवा.

जयभीम.