नेम चुकला म्हणजे कच खाल्लीच का?

२८ मे २०१८. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेचा सातवा आणि निर्णायक सामना सुरू होता. यजमान ह्यूस्टन रॉकेट्स मध्यंतराला ५४-४३ असे गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या पुढे होते. साखळीतल्या ८२ पैकी ६५ सामने जिंकून रॉकेट्स त्या मोसमात लीगमध्ये अव्वल राहिले होते. स्वप्न अगदी हाताशी आले होते. मात्र दुसऱ्या सत्रातच एक गोष्ट सुरू झाली होती. लांबून मारलेले त्यांचे थ्री पॉइंटर रिंगवर आदळून परत येऊ लागले होते. एक, दोन, पाच, दहा... ही मालिका चौथ्या सत्रात थांबली, तेव्हा सलग २७ नेम चुकले होते. तिसऱ्या सत्रात वॉरियर्सनी ३३ गुण मिळवले, रॉकेट्सना जेमतेम १५ जमले. सामना १०१-९२ असा हातचा गेला. रॉकेट्सच्या ४४ थ्री पॉइंटरपैकी फक्त ७ आत गेले.

तेव्हापासून बास्केटबॉलचे चाहते या सामन्यावर भांडत आले आहेत. एक गट म्हणतो, ऐन वेळी कच खाल्ली. मोठ्या सामन्याचा दबाव झेपला नाही. दुसरा म्हणतो, नशीबच फुटके. तिसऱ्याच्या मते सारा दोष प्रशिक्षकाच्या हट्टाचा. नेम लागत नाही हे दिसत असताना लांबून मारायचे थांबवले का नाही? चौथा गट जखमी क्रिस पॉलची आठवण काढतो. तो असता तर? हे वाद चालायचेच. तेवढ्यासाठीच तर खेळ पाहायचा. पण यातला पहिला आरोप बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे. ‘कच खाल्ली’ हे निकालाचे वर्णन नाही, ते माणसाच्या मनाचे निदान आहे. आणि निदान करायचे तर तपासणी हवी.

आधी नशिबाचा हिशेब पाहू. त्या मोसमात रॉकेट्सचे साधारण ३६ टक्के थ्री पॉइंटर आत जात होते. म्हणजे शंभरातले ६४ चुकत. प्रत्येक फटका आधीच्या फटक्यापासून स्वतंत्र मानला, तर ४४ फटक्यांमध्ये कुठेतरी सलग २७ चुकण्याची शक्यता साधारण २४ हजारांत एक इतकी निघते. एनबीएच्या एका मोसमात साखळीचे १,२३० सामने होतात. प्रत्येक सामन्यात दोन संघ धरले, तर असा प्रकार दहा मोसमांतून एकदा घडला तरी पुष्कळ. तेव्हा नुसते नशीब म्हणून हा विषय मिटत नाही.

पण इथेच गणित एक वेगळी गोष्ट सांगते. समजा त्या रात्री काही कारणाने संघाची अचूकता ३६ वरून २५ टक्क्यांवर आली होती. फार मोठी पडझड नाही. नऊ फटक्यांमागे एक जास्तीचा चुकला, एवढाच फरक. तरी सलग २७ चुकण्याची शक्यता २४ हजारांत एकवरून साधारण ४५० मध्ये एक इतकी होते. म्हणजे पन्नास पटींहून अधिक वाढ. म्हणजेच टोकाचा निकाल दिसला की कारणही टोकाचेच असले पाहिजे, हा समज चुकीचा आहे. अचूकतेतली थोडी घट आणि थोडे दुर्दैव एकत्र आले की अघटित वाटणारी गोष्ट घडू शकते. त्यासाठी पाच-सात कसलेल्या खेळाडूंचे धैर्य एकाच वेळी खचले, असे मानण्याची गरज नाही.

मग अचूकता घटली कशाने? दबाव हे एक संभाव्य कारण आहे आणि ते काल्पनिक नाही. सरावाने अंगवळणी पडलेली कृती माणूस विचार न करता करतो. जिना उतरताना कोणी पायऱ्या मोजत नाही. मोजू लागला की अडखळतो. ताणाखाली नेमके हेच होते, असे मानसशास्त्रज्ञ सांगतात. खेळाडू आपल्या कोपराकडे, मनगटाकडे लक्ष देऊ लागतो आणि सहज होणारी हालचाल बिघडते. झेंग काओ, जोसेफ प्राइस आणि डॅनियल स्टोन या संशोधकांनी २०११ मध्ये एनबीएतल्या फ्री थ्रोंचा अभ्यास प्रसिद्ध केला. फ्री थ्रोच्या वेळी समोर बचाव करणारा कोणी नसतो आणि अंतर ठरलेले असते, त्यामुळे दबावाचा परिणाम मोजायला ही जागा उत्तम. अटीतटीच्या सामन्यांच्या अगदी शेवटच्या सेकंदांत खेळाडूंची कामगिरी नेहमीपेक्षा सरासरी ५ ते १० टक्क्यांनी खालावते, असे त्यांना दिसले.

एवढे वाचून पहिला गट टाळ्या वाजवील. पण त्याच अभ्यासात आणखी एक निष्कर्ष आहे. सामना साखळीतला आहे की बाद फेरीतला, याचा फ्री थ्रोंवर परिणाम होत असल्याचा पुरावा या संशोधकांना मिळाला नाही. दबावाचा परिणाम दिसला तो घड्याळ संपत आल्यावर आणि गुणांचा फरक निसटता असताना. रॉकेट्सचे नेम चुकायला लागले तेव्हा सामन्याचा अर्धाही वेळ झाला नव्हता आणि ते पुढे होते. ज्या परिस्थितीत कच खाल्ली जाते, त्या परिस्थितीशी हे चित्र जुळत नाही. शेवटी शेवटी दबाव वाढला असेलही. पण सुरुवात त्याने झाली, असे म्हणायला आधार तोकडा आहे.

शरीराकडे मात्र चाहत्यांचे लक्ष कमी जाते. एनबीएत थ्री पॉइंटरची रेषा रिंगपासून ७.२४ मीटरवर असते, कोपऱ्यांत सुमारे ६.७ मीटरवर. इतक्या लांब चेंडू पोहोचवायचा तर ताकद केवळ हातातून येत नाही. ती पोटऱ्या, मांड्या आणि कंबरेतून वर चढत बोटांपर्यंत जाते. पाय थकले की उडी किंचित कमी होते, चेंडू थोडा खालून सुटतो, कमान सपाट होते आणि रिंगचे तोंड चेंडूला अरुंद मिळते. रिंगचा व्यास सुमारे ४६ सेंटिमीटर, चेंडूचा सुमारे २४. चुकीला जागा आधीच कमी. संघाचा सूत्रधार, ३३ वर्षांचा क्रिस पॉल, पाचव्या सामन्याच्या अखेरीस मांडीच्या मागचा स्नायू दुखावल्याने बाहेर गेला होता. त्याच्या वाटणीचे चेंडू खेळवणे आणि धावणे बाकीच्यांवर आले, तेही लीगमधल्या एका अत्यंत चिवट बचावासमोर. प्रतिस्पर्धी संघातही आंद्रे इगोडाला दुखापतीमुळे नव्हता, हे खरे. पण वॉरियर्सकडे चेंडू खेळवणारे हात अधिक होते. ‘पाय संपले होते’ हे वाक्य ‘हिंमत संपली होती’ इतके चटपटीत वाटत नाही. पण मोसमाचे जवळपास शंभर सामने खेळून झालेल्या शरीरांबद्दल बोलताना ते आधी उच्चारायला हवे.

आता तिसऱ्या गटाचे म्हणणे. त्यात तथ्य आहे, पण चाहते सांगतात त्या कारणासाठी नाही. निम्म्याहून अधिक फटके तीन गुणांच्या रेषेबाहेरून मारणारा रॉकेट्स हा एनबीएतला पहिला संघ होता. सामन्याला चाळीसहून अधिक थ्री पॉइंटर मारणे हीच त्यांची नेहमीची रीत; ४४ हा आकडा घाईगडबडीत फुगलेला नव्हता. ३६ टक्के अचूकतेने तीन गुणांचा फटका सरासरी १.०८ गुण देतो, तर जवळून पन्नास टक्के अचूकतेने मारलेला दोन गुणांचा फटका १ गुण. त्यामुळे ही रीत मूर्खपणाची नव्हती. तिनेच ६५ विजय दिले होते. दहा फटके चुकले म्हणून अकरावाही चुकेल, असेही नसते. ‘तेव्हाच थांबायला हवे होते’ हे निकाल ठाऊक असलेल्याला सुचते. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्येच दाखवून दिले होते की निकाल कळला की तो आधीपासूनच दिसत होता, असे माणसाला वाटू लागते.

खरी त्रुटी दुसरीकडे आहे. तीन गुणांच्या खेळात सरासरी चांगली असली तरी चढउतार मोठे असतात. मागे पडलेल्या संघाला चढउतार हवेच असतात. पुढे असलेल्याला ते परवडत नाहीत. ११ गुणांची आघाडी हातात असताना जवळून खेळून आणि फ्री थ्रो मिळवून सामना शांत करता आला असता. टीका करायचीच तर या निर्णयावर करावी. ती तपासता येते आणि पुढच्या वेळी तिचा उपयोगही होतो. ‘काळीज नव्हते’ या टीकेतून कोणीच काही शिकू शकत नाही.

तरीही चाहत्यांची जीभ धैर्याच्याच प्रश्नाकडे वळते, कारण निवाडा करणाऱ्याचे डोके तरी कुठे थंड असते? २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना एरवीच्या अडीच पटींहून अधिक झाल्याची नोंद २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. पाहणाऱ्याचे शरीरही सामना खेळत असते. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यात एक गमतीची गोष्ट टिपली: संघ जिंकला की ‘आपण जिंकलो’, हरला की ‘ते हरले’. हार पचवण्यासाठी ती दुसऱ्या कुणाच्या तरी स्वभावावर टाकणे सोपे जाते. स्वतःचे चुकले की परिस्थिती, दुसऱ्याचे चुकले की स्वभाव, हे मोजमाप घरोघरी चालते.

हे मोजमाप निरुपद्रवी नाही. त्याच मोसमात टोरँटो रॅप्टर्सचा डेमार डेरोझन आपल्या नैराश्याबद्दल उघडपणे बोलला. पाठोपाठ क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सच्या केविन लव्हने भर सामन्यात भीतीचा तीव्र झटका आल्याचे लिहून जाहीर केले. मैदानावर छाती धडधडणे, श्वास कोंडणे हे दुबळेपणाचे लक्षण समजले जाईल, या धास्तीनेच अनेक जण गप्प राहतात. लीगला याची दखल घ्यावी लागली. २०१९-२० च्या मोसमापासून प्रत्येक संघाने खेळाडूंना मानसिक आरोग्याचे तज्ज्ञ उपलब्ध करून द्यावेत, असा नियम झाला. पण तज्ज्ञाच्या खोलीचे दार उघडे ठेवून भागत नाही. बाहेर गर्दी ‘भित्रा’ म्हणत उभी असेल, तर त्या दारातून आत जाणेच अवघड होते.

शिवाय अशी लेबले टिकतही नाहीत. हेच वॉरियर्स २०१६ मध्ये साखळीत विक्रमी ७३ सामने जिंकून अंतिम मालिकेत ३-१ ने पुढे असताना क्लीव्हलँडकडून हरले. तेव्हा त्यांची यथेच्छ टिंगल झाली. २०१७ आणि २०१८ मध्ये बव्हंशी तेच खेळाडू विजेते ठरले. संघात केविन ड्युरंट आला, दुखापती कमी-जास्त झाल्या, चेंडू आत जाऊ लागले. काळीज कोणी बदलले नव्हते. क्रिकेटमध्ये ‘चोकर्स’ हा शिक्का वर्षानुवर्षे कपाळी वागवणाऱ्या दक्षिण आफ्रिकेने जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर कसोटीचे जागतिक अजिंक्यपद जिंकले, हेही आपल्याकडच्या प्रेक्षकांच्या स्मरणात असेल.

तेव्हा चाहत्यांनी वाद जरूर घालावा. फक्त ‘कच खाल्ली’ म्हणण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. एका सामन्यावरून बोलतो आहोत की पुष्कळ सामन्यांवरून? खेळाडूचे शरीर त्या वेळी कोणत्या अवस्थेत होते? आणि घेतलेला निर्णय, निकाल माहीत नसताना, वाईट ठरला असता का? या तिन्हींची उत्तरे मिळूनही दबावाचीच खूण उरली, तर तीही दुखऱ्या स्नायूसारखी समजून घ्यावी. तिच्यावर सराव आणि उपचार असतात. मांडी धरून बाहेर गेलेल्या पॉलला कोणी भित्रा म्हटले नाही. मनावर ताण आलेल्या खेळाडूलाही तेवढी सवलत मिळायला हवी.